अर्ध्या वाटेवरची भिंत

फोन वाजला तेव्हा याग्लिका चुलीपुढे बसून बटाटे सोलत होती. वादळाचा तिसरा दिवस होता. वीज पहिल्याच दिवशी गेली होती, खिडक्या निम्म्याहून जास्त बर्फात बुडाल्या होत्या, पण तारेचा तो जुनापुराणा फोन मात्र चालू होता. या घरात त्याला आणि याग्लिकाला कशानेच काही होत नाही, असं तिचा मुलगा शहरातून चिडून म्हणायचा.

फोनवर आपत्ती कचेरीतला कुणी पोरगा होता. सुवोदोलमधलं शेवटचं घर तुमचंच का, असं त्याने विचारलं.

"पहिलं," याग्लिका म्हणाली. "रस्त्यावरून आलं तर आमचं घर पहिलं लागतं. पण तुम्ही लोक रस्त्यावरून कधी येतच नाही, तेव्हा शेवटचं म्हण हवं तर."

पोरगा जरा चाचपडला. मग त्याने सांगितलं ते असं. खिंडीतून खाली येणारी एक प्रवासी गाडी सकाळपासून देवदारांच्या वळणावर अडकली होती. चालक धरून नऊ माणसं, त्यात एक तान्हं मूल. चालकाचा शेवटचा फोन आला तेव्हा डिझेल तळाला गेलं होतं आणि फोनमधला जीवही संपत आला होता. त्यानंतर काही कळलं नव्हतं. तिच्या दारातून काही दिसतंय का, एवढंच त्याला हवं होतं.

याग्लिका उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. वाऱ्याने तोंडावर बर्फ फेकला. तिने डोळे किलकिले करून वारा श्वास घेण्याची वाट पाहिली. कितीही माजलेला असला तरी तो मधूनमधून श्वास घेतोच. खाली, जिथे रस्ता असायला हवा होता तिथे, दोन नारिंगी ठिपके लुकलुकले आणि गेले. मग हॉर्न ऐकू आला, थकलेल्या बैलाने हंबरावं तसा.

"आहेत," तिने येऊन सांगितलं. "दिवे लागताहेत अजून."

पोराला हायसं वाटलं. मग त्याने कागद पुढ्यात धरून वाचावं तशा आवाजात सांगितलं की कुणीही घराबाहेर पडायचं नाही, तसा हुकूम आहे, आणि बर्फ काढायचं यंत्र उद्या सकाळी निघेल.

"उद्या सकाळी यंत्रासोबत पेट्याही पाठव," याग्लिका म्हणाली. "लाकडी. नऊ. त्यातली एक छोटी."

आणि तिने फोन ठेवून दिला.

याग्लिकाचा स्वभाव हा असा. सरळ बोलायचं म्हटलं तरी जिभेला काटे फुटायचे. पण तिचं डोकं जागेवर होतं. बोश्कोचा, म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, मेंढीच्या कातड्याचा जाड कोट तिने अंगात चढवला, पायांना लाकडी कड्यांचे बर्फातले जोडे बांधले, लाकडी फावडं घेतलं आणि ती रस्त्याच्या दिशेने उकरायला लागली.

सुवोदोलमध्ये हिवाळ्याला तीनच घरांतून धूर निघतो. उतारावर एकाखाली एक. सगळ्यात वर त्रिफुन, आयुष्यभर लग्न लग्न करत राहिलेला ब्रह्मचारी. मध्ये वुकोसाव आणि त्याची बायको स्टाना. सगळ्यात खाली याग्लिका. बर्फ पडला की एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत वाट उकरायची असते, आणि तिचा कायदा कुठल्याही कचेरीच्या हुकमापेक्षा जुना आहे. प्रत्येकाने आपल्या दारापासून अर्ध्यापर्यंत उकरायचं. मध्यावर भेटायचं, फावडी टेकवायची, राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, एकेक घोट घ्यायचा, सरकारला चार शिव्या द्यायच्या आणि घरी जायचं. पण दुसऱ्याच्या वाट्यात फावडं घालायचं नाही. ते म्हणजे त्याच्या घरात आता कुणी कर्तं माणूस उरलं नाही, असं गावभर ओरडून सांगणं झालं. एवढ्यावरून इथे डोकी फुटलेली आहेत आणि मोडलेली लग्नं तर विचारूच नका.

याला अपवाद एकच, रस्ता. रस्त्याला हात नसतात, म्हणून त्याचा वाटाही खालच्या घरानेच उकरायचा. बोश्कोच्या आजोबांनी तो उकरला, बापाने उकरला, बोश्कोने उकरला, आणि आता याग्लिका उकरायची. रस्त्यावरून कुणी चिटपाखरू येत नसतानाही. कुणासाठी उकरतेस, असं मुलगा विचारायचा. येईल त्याच्यासाठी, असं ती सांगायची.

तिने घामाने अंग भिजेपर्यंत उकरलं. मग कमरेवर हात ठेवून मागे वळून पाहिलं. घर अजून दगड मारला तर लागेल एवढ्याच अंतरावर होतं. आणि घरापाशी उकरलेली वाट वारा पुन्हा भरून टाकत होता. दुपार झाली होती. या दिवसांत दुपार झाली म्हणजे दिवस संपला. अंधार पडायच्या आत ती एकटी वळणापर्यंत पोचणार नव्हती. निम्म्यापर्यंतही नाही. मनातल्या मनात तिने हिशेब पुन्हा करून पाहिला, देवाला दोन शब्द सुनावले, पण हिशेब बदलेना.

खाली हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी अर्धवटच.

मदत मागायची तर आधी लगतचं वरचं घर लागत होतं, आणि त्या घराशी ती अकरा वर्षं बोलली नव्हती.

दोन घरांच्या बरोबर मध्यावर, दर हिवाळ्यात, बर्फाची एक भिंत उभी राहायची. वुकोसाव वरून यायचा आणि आपला अर्धा वाटा उकरून थांबायचा. याग्लिका खालून जायची आणि मध्याच्या दोन पावलं आधी थांबायची. राहिलेला पट्टा तसाच. त्रिफुन तो ओलांडून तिच्याकडे मीठ मागायला यायचा आणि दोन्ही बाजूंच्या बातम्या पोचवायचा. एकदा नाताळात घराला आशीर्वाद द्यायला आलेले पाद्रीबुवा त्या भिंतीवर दोन्हीकडे पाय सोडून अडकून बसले होते. खालून याग्लिका पाहत होती, वरून वुकोसाव पाहत होता, आणि पहिला हात कुणी द्यायचा हे ठरेना. शेवटी बुवांनी दोघांनाही धर्मबहिष्कृत करायची धमकी दिली, आणि मग स्वतःच घरंगळत खाली आले.

हसण्यासारखंच होतं ते. पण तो पट्टा हसण्यासारखा नव्हता.

बोश्कोच्या हृदयाचं दुखणं सगळ्या गावाला माहीत होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. तरी त्या सकाळी बोश्को फावडं घेऊन निघाला, कारण वरून वुकोसावच्या फावड्याचा आवाज येत होता आणि आपला वाटा आपल्यालाच उकरायला हवा होता. वुकोसावने आपलं अर्धं संपवलं. समोरून बोश्को दर फावड्याला थांबत, धापा टाकत येतोय हे त्याने पाहिलं. आणि तो मध्यावर फावडं टेकून वाट पाहत उभा राहिला. पुढे जाऊन चार फावडी मारली असती तर काम झालं असतं. पण मग बोश्कोने त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. म्हणून मित्राचा मान राखत तो उभा राहिला. दोन पावलं उरली असताना बोश्को बर्फात खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

दफनाच्या दिवशी याग्लिका वुकोसावला एकच वाक्य बोलली. "तू बघत उभा राहिलास."

तेव्हापासून बोश्कोचा तो दोन पावलांचा उकरायचा राहिलेला बर्फ दर हिवाळ्यात तिथेच राहिला. याग्लिका त्याला फावडं लावत नव्हती, कारण वुकोसावला तो रोज दिसायला हवा होता. वुकोसाव लावत नव्हता, कारण तो बोश्कोचा वाटा होता, आणि मेलेल्या माणसाच्या वाट्यात फावडं घालायचं कोणत्या तोंडाने?

याग्लिका धडपडत त्या भिंतीपाशी गेली. तीन दिवसांत भिंत तिच्या डोक्याच्या वर गेली होती. पलीकडून फावड्याचा खरखर आवाज येत होता. असल्या वादळातही म्हातारा आपला वाटा सोडायला तयार नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ती मनात म्हणाली, आणि स्वतःचाही पीळ तिला त्याच क्षणी जाणवला.

"वुकोसाव."

फावडं थांबलं.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"कोण म्हणजे? गावात बायका किती आहेत?" मग तिने आवाज खाली आणला. "खाली वळणावर माणसं अडकलीत. तान्हं मूल आहे. माझ्या एकटीच्याने अंधारापूर्वी होत नाही."

हे शेवटचं वाक्य तिला दात उपटून काढावा तसं काढावं लागलं. पलीकडे वुकोसाव खाकरला. मग त्याने बायकोला मोठ्याने हाक मारून त्रिफुनला बोलवायला सांगितलं. आणि तरीही तो स्वतः आला नाही. भिंतीच्या पलीकडे तो तसाच उभा होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"आता काय?" ती म्हणाली.

"याग्लिका, मधे हे... हे बोश्कोचं आहे."

तिने डोळे मिटले. अकरा वर्षं तिला वाटत होतं की या माणसाला ही भिंत फक्त बोचत असेल. तो त्या भिंतीला मान देत होता, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. पण ते दोन्ही नंतरसाठी ठेवावं लागलं.

"बोश्को काही आता उकरायला येत नाही," ती म्हणाली. "फोड."

तिने आपल्या बाजूने पहिला घाव घातला. पलीकडून दुसरा बसला. भिंत दिसायला उंच होती, पण आत नुसता मऊ बर्फ. बघता बघता तिच्यात भगदाड पडलं आणि त्यातून वुकोसावची पांढरी मिशी आणि लाल झालेलं नाक दिसलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. म्हातारा झालास, असं तिच्या तोंडावर आलं होतं. त्याच्याही तोंडावर तेच असावं.

त्रिफुन धावत आला, गवताचे भारे बांधायचा लांब दोर खांद्यावर घेऊन. स्टाना त्याच्या मागे. ती थेट याग्लिकाच्या घरात शिरली. अकरा वर्षांत तिने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, तरी मिठाची बरणी कुठे असते हे तिला पाठ होतं. बरणी तिथे नव्हती म्हणून तिने आतून याग्लिकाला शिव्या घातल्या आणि चुलीत लाकडं सारली.

तिघे रस्त्याकडे निघाले. पुढचा माणूस पायांनी बर्फ दाबत आणि फावड्याने फोडत जातो, मागचे दोघे वाट रुंद करतात. पुढच्याचं काम सगळ्यात जड. तो दमला की बाजूला होतो, मग मागचा पुढे येतो. पण कधी बाजूला व्हायचं हे तो स्वतः ठरवतो. पुढच्याच्या हातातून फावडं कुणी घेत नाही. ते दुसऱ्याच्या वाट्यात शिरण्याहून वाईट.

आधी त्रिफुन पुढे होता. तो झटपट दमला आणि झटपट बाजूला झाला, त्याला लाज कसली ती नव्हतीच. मग वुकोसाव. आणि वुकोसाव काही केल्या बाजूला होईना.

घर मागे धूसर झालं. समोरचे नारिंगी ठिपके आता वारा असतानाही दिसायला लागले, पण त्यांचा लुकलुकाट मंद होत चालला होता. हॉर्न केव्हाचा थांबला होता. आभाळ खालून काळं व्हायला लागलं. वुकोसाव उकरत होता. बाईसमोर, आणि तीही ही बाई, तो मागे हटणार नव्हता. बोश्कोच्या उरलेल्या दोन पावलांचं देणं आज एका दिवसात फेडायचं असं त्याने ठरवलं असावं.

याग्लिका त्याच्या मागेच होती. आधी तिला त्याची पाठ दिसत होती. मग तिला त्याचा श्वास ऐकू यायला लागला. आत जाताना शीळ, बाहेर येताना खरखर. फावडं वर उचललं की एक क्षण ते हवेतच राहायचं, जणू पुढे काय करायचं ते त्याला आठवत नाही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. त्या सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने तो ऐकला होता. तिला वाटलं होतं, बोश्को आता थांबेल. तीही बघतच उभी राहिली होती.

हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तिने त्रिफुनकडे पाहिलं. त्रिफुनलाही कळलं होतं. पण त्याने मान हलवली. नको, असं त्याचे डोळे म्हणत होते. तो तुला कधी माफ करणार नाही.

न का करेना.

याग्लिका दोन ढांगांत पुढे गेली. वुकोसावने फावडं वर उचललं होतं. तिने दांडा धरला आणि हिसका देऊन ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

वुकोसाव वळला. त्याचे ओठ जांभळे पडले होते. त्याला क्षणभर काय झालं तेच कळेना, आणि मग कळलं.

"मी बाजूला झालो नव्हतो."

"मी केलं तुला."

"माझ्या हातातून घेतलंस? सगळ्यांच्या देखत?" सगळे म्हणजे एकटा त्रिफुन होता, आणि तो लगबगीने दुसरीकडे पाहू लागला. वुकोसावचा आवाज चिरकला. "मी अजून मेलो नाही, याग्लिका!"

"म्हणूनच घेतलं."

वुकोसाव तोंड उघडून तिच्याकडे पाहत राहिला. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण त्यासाठी श्वास हवा होता आणि तो पुरत नव्हता. त्रिफुनने त्याला काखेत धरून बर्फाच्या आडोशाला बसवलं. याग्लिका पुढे जाऊन उकरायला लागली. फावडं हिसकावायला एक हिसका पुरला होता, एका श्वासाचं काम. आणि तरी तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. अकरा वर्षं ती म्हणत आली होती की त्याने पुढे होऊन चार फावडी मारायला हवी होती, त्यात काय मोठं. मोठं होतं. आता तिला ते हातांत कळलं. पण करता येत होतं, हेही कळलं. आणि ते दुसरं जास्त झोंबलं.

ती आणि त्रिफुन आळीपाळीने पुढे होत गाडीपर्यंत पोचले तेव्हा उजेड जेमतेम होता. गाडी दाराच्या निम्म्यापर्यंत गाडली गेली होती. काच आतून गोठलेली. त्रिफुनने फावड्याच्या दांड्याने ती ठोठावली. दार बोटभर उघडलं आणि आतून एक तरुण, दाढीवाला चेहरा डोकावला. हा चालक, नोवित्सा. बिचारा थंडीने निळा पडला होता, पण कायद्याला धरून होता.

"मावशी, आम्हाला गाडी सोडायची नाही म्हणून सांगितलंय. कचेरीतून."

"कचेरीत चूल आहे?" याग्लिकाने विचारलं.

"असेल."

"मग ते बसतील तिथे. तुझ्या गाडीत नाही. उतर."

तो उतरला. मागोमाग सगळे उतरले, एकमेकांना धरून, सुन्न झालेल्या पायांनी. आईजवळचं मूल याग्लिकाने आपल्या कोटाच्या आत घातलं. बोश्को त्या कोटातून दर वसंतात एखादं अशक्त कोकरू घरी आणायचा, तेव्हा आतला वास मुलाला परका वाटला नसावा. ते रडलं नाही. त्रिफुनने दोर सगळ्यांच्या हातात दिला आणि सोडाल तर मी उचलायला येणार नाही, असं बजावलं. ते खोटं होतं, पण उपयोगी पडलं.

वाटेत, आडोशाला, वुकोसाव पुन्हा उभा राहिला होता. रंग जरा परतला होता. कुणाकडे न बघता त्याने दोराचं शेवटचं टोक उचललं आणि रांगेच्या मागे चालू लागला, म्हणजे कुणी मागे पडलं तर त्याला कळावं. त्याच्या पुढ्यातली म्हातारी दर दहा पावलांवर बसायला बघायची. तो तिला दर वेळी म्हणायचा, आजी, पुढे जी बाई आहे ना ती फार दुष्ट आहे, बसलात तर मारेल. याग्लिकाला ते सगळं ऐकू येत होतं.

घरात स्टानाने चूल लाल केली होती. मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ आणि बटाटे घोटून काचामाक केला होता, वर सायीचं लोणी आणि चीज. लोक खात होते, रडत होते, हात चुलीवर धरून ओरडत होते, कारण गोठलेल्या बोटांत जीव परत येताना फार दुखतं. त्या गडबडीत फोन वाजला. कचेरीतला तोच पोरगा. सगळे सुखरूप आहेत हे ऐकून त्याचा आवाज खरोखर गहिवरला; मग त्याला आपलं पद आठवलं.

"आजी, पण तुम्ही हुकूम मोडून बाहेर गेलात. मला तशी नोंद करावी लागेल."

"कर," याग्लिका म्हणाली. "नावं नीट लिही. याग्लिका, त्रिफुन, वुकोसाव. स्टानाचंही लिही, नाहीतर ती रुसेल."

पण रुसायला स्टानाला दुसरं कारण मिळालं. पाहुण्यांना झोपवायचं कुठे यावरून. याग्लिका म्हणाली, सगळे इथेच राहतील, रस्ता माझ्या वाट्याचा, रस्त्यावरून आलेली माणसंही माझ्या वाट्याची. तिच्या घरात पलंग दोन, आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. स्टानाने पातेलं खाली आदळलं.

"अकरा वर्षं दुःख एकटीने घेतलंस," ती म्हणाली. "बोश्को आमचा कुणीच नव्हता असं. आता पाहुणेही एकटीच घेणार का?"

पाहुण्यांना काही कळलं नाही, पण याच्यात आपण पडू नये एवढं त्यांना कळलं. वुकोसाव दारापाशी भिंतीला टेकून बसला होता, नजर जमिनीवर.

"घेऊन जा," याग्लिका अखेर म्हणाली. "अर्धे घेऊन जा. ती म्हातारी ने, ती तुझ्या नवऱ्याचं ऐकते. बाळंतीण इथे राहील, तेवढं बोलू नकोस."

चालक त्रिफुनकडे गेला. त्रिफुनने रात्रभर त्याला आपल्या न झालेल्या लग्नांच्या कथा ऐकवल्या, आणि नोवित्सा दुसऱ्या दिवशी म्हणाला की त्यापेक्षा गाडी बरी होती. ते सगळे त्या फोडलेल्या भगदाडातून वर गेले, एकामागून एक, कंदील घेऊन. जाताना वुकोसाव याग्लिकाशी बोलला नाही. हातातून फावडं घेतलं गेल्याचं त्याच्या पाठीवर दिसत होतं. बसू दे रुसून, ती म्हणाली. रुसायला माणूस जिवंत लागतो.

रात्री वारा पडला, पण बर्फ पडतच राहिला. पहाटे याग्लिकाला जाग आली ती खरखर आवाजाने. फार जवळून येत होता. तिने कोट चढवला, झोपलेल्या माणसांच्या पायांवरून ढांगा टाकत दार गाठलं आणि उघडलं.

वाट तिच्या उंबऱ्यापर्यंत उकरलेली होती. वुकोसावच्या दारापासून, मध्य ओलांडून, बोश्कोचा पट्टा ओलांडून, तिचा सगळाच्या सगळा वाटा. कडा फावड्याने थोपटून सरळ केलेल्या. वुकोसाव पायरीशी उभा होता, मिशीला बर्फ, दम खात. सावकाश केलं होतं त्याने. पहाटेच्या आधीपासून लागला असणार, अंधारातच.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सुवोदोलच्या कायद्याने हा माणूस तिच्या तोंडावर सांगत होता की या घरात आता कर्तं कुणी नाही.

"माझ्या वाट्यात शिरलास," ती म्हणाली.

"शिरलो."

"माझी इज्जत काढलीस. पाहुण्यांसमोर."

"काल माझी काढलीस ती?" त्याने फावडं बर्फात रोवलं. मग ते तसंच सोडून, रिकाम्या हातांनी, तो म्हणाला, "याग्लिका, हे मी त्या दिवशी करायला हवं होतं."

तिला हो म्हणायचं होतं. अकरा वर्षं तिने या एका वाक्याची वाट पाहिली होती आणि त्याला द्यायचं उत्तर घासूनपुसून धारदार करून ठेवलं होतं. ते आता शोधून सापडेना.

"मीही खिडकीत उभी होते," ती म्हणाली. "मीही बघत होते."

वुकोसावने मान वर केली. बर्फ दोघांच्या मधे शांतपणे पडत होता. आत मूल जागं होऊन रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला थोपटायला लागलं.

"पण हे मी ऐकून घेणार नाही," याग्लिका म्हणाली. तिचा आवाज मोडत होता म्हणून तिने तो चढवला. "माझा वाटा उकरणारा तू कोण? बाजूला हो."

तिने त्याचंच फावडं उपटून घेतलं आणि वाटेने चढावर निघाली. मध्य आला, तिने तो ओलांडला. उकरायला काहीच उरलं नव्हतं, म्हाताऱ्याने कणही शिल्लक ठेवला नव्हता, त्यामुळे तिचा राग आणखी वाढला. ती थेट वुकोसावच्या अंगणात पोचली आणि त्याच्या लाकूडघराची वाट उकरायला लागली. ती संपल्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची. खाली वुकोसावला हे दिसलं. त्याने दात ओठ खाल्ले, याग्लिकाच्या घराच्या भिंतीला टेकवलेलं तिचं फावडं उचललं आणि रस्त्याच्या बाजूला वळला. तो तर पूर्ण तिचाच वाटा.

"हळू उकर, म्हाताऱ्या!" ती वरून ओरडली.

"तू आपलं बघ!" तो खालून ओरडला.

स्टानाने दार उघडलं. खुराड्यापाशी याग्लिका शिव्या देत उकरत होती, खाली रस्त्याकडे तिचा नवरा शिव्या देत उकरत होता. तिने दोघांकडे एकदा पाहिलं आणि कॉफी ठेवायला ती आत गेली.